हलक्या जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक : आधी काय बदलावे, काय तसेच ठेवावे

दोन आसनांची, हलकी, वीस-तीस वर्षे जुनी स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत जी खरेदी सर्वांत जास्त खुणावते, ती बहुधा मोठ्या ब्रेकची असते. लालभडक रंगाचे कॅलिपर, थाळीएवढी डिस्क आणि शेजारी मूळचे लहानसे सामान ठेवून काढलेले छायाचित्र पाहिले की आपल्या गाडीत काहीतरी उणे आहे, असे वाटू लागते. त्यातून रोजच्या वापरातल्या नव्या गाडीतून उतरून तो माणूस या जुन्या गाडीत बसतो, पेडल दाबतो आणि ब्रेक 'लागतच नाहीत' असे त्याला जाणवते. ही जाणीव खोटी नसते. परंतु मोठे ब्रेक बसवणे हा तिच्यावरचा उपाय फार थोड्या वेळा ठरतो, आणि कधीकधी तर त्यामुळे गाडी पूर्वीपेक्षा उशिरा थांबते. असे का होते, हे समजून घेण्यासाठी मुळापासून सुरुवात करावी लागेल.

ब्रेक म्हणजे उष्णतेचे यंत्र

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा सांगाडा म्हणजे कॅलिपर, आणि त्या चिमटीत प्रत्यक्ष घासणारे तुकडे म्हणजे पॅड. पायाने पेडल दाबले की त्याला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून कॅलिपरपर्यंत दाब पोहोचवते, कॅलिपरमधले पिस्टन पुढे सरकतात आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. या घर्षणातून गाडीच्या वेगात साठलेली ऊर्जा उष्णतेत बदलते. ती उष्णता आधी डिस्कने पोटात घ्यायची आणि मग वाऱ्याला देऊन टाकायची, इतकेच ब्रेकचे काम असते.

ही उष्णता किती असते? चालकासह १,००० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातली ऊर्जा सुमारे ३८६ किलोज्यूल भरते. स्वयंपाकघरातल्या मापाने सांगायचे तर एक लिटरहून थोडे जास्त गार पाणी उकळीला आणायला लागते, तेवढी ही उष्णता. शेगडीवर या कामाला काही मिनिटे जातात. कडक ब्रेक मारला की ब्रेक तेच काम जेमतेम तीन सेकंदांत उरकतो. शिवाय वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. त्यामुळे ताशी ५० वेगाने शहरात फिरणाऱ्या गाडीचे आणि ताशी १५० वेगाने ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीचे ब्रेक एकाच मापाने तोलता येत नाहीत. दुसऱ्या गाडीच्या प्रत्येक थांबण्यात पहिलीच्या नऊपट उष्णता असते.

हलकेपणा हीच पहिली सुधारणा

या उष्णतेतला साधारण ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांकडे जातो असे धरू, आणि पुढची प्रत्येक डिस्क ४ किलोची आहे असे मानू. ताशी १०० वेगावरून एकदा पूर्ण थांबल्यावर या डिस्कचे तापमान साधारण ६५ ते ७० अंशांनी वाढेल. तीच डिस्क १,६०० किलोच्या गाडीला लावली तर हीच वाढ ११० अंशांच्या आसपास जाईल. म्हणजे आजच्या जड गाडीला जी मोठी डिस्क लागते ती मुख्यतः तिच्या वजनापायी लागते, आणि हलक्या गाडीच्या रचनाकाराने लहान डिस्क निवडली तेव्हा त्याने काही कंजुषी केली होती असे नव्हे.

१९९६ साली आलेली लोटस एलिस हे याचे बोलके उदाहरण आहे. तिचे वजन अवघे सव्वासातशे किलोच्या घरात होते. तिला सुरुवातीला नेहमीच्या ओतीव लोखंडाच्या नव्हे, तर अॅल्युमिनियमच्या संमिश्र धातूच्या डिस्क दिलेल्या होत्या आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नव्हताच. पुढे त्या डिस्कच्या जागी लोखंडी डिस्क आल्या, तरी मूळचा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे : थांबवायचे वजनच कमी असेल तर ब्रेकचे वजनही कमी ठेवता येते. चाकाजवळचे हे वजन स्प्रिंगच्या खाली लटकलेले असते, आणि ते वाढले की चाक रस्त्याच्या उंचसखलपणाला चटकन साथ देत नाही. चाळीस किलोच्या माणसाला अडीच किलोचे बूट घातले तर तो कसा चालेल, याची कल्पना केली की हा मुद्दा कळतो. हलक्या गाडीची जी चपळाई आवडते म्हणून आपण ती घेतलेली असते, ती मोठे ब्रेक लावून आपणच थोडी काढून घेत असतो.

गाडीला थांबवतो तो टायर

पेडल जोरात दाबून चाके जाम करता येत असतील, तर ब्रेकमध्ये जोर पुरेसा आहे. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे रबर आणि रस्ता यांच्यातली पकड ठरवते. डिस्कचा आकार त्या पकडीत कणभरही भर घालू शकत नाही. पकडीचा आकडा, म्हणजे टायर स्वतःवरच्या भाराच्या किती पट जोर रस्त्यावर लावू शकतो ते प्रमाण, ०.८ असेल तर ताशी १०० वेगावरून थांबायला, शुद्ध गणिताने, सुमारे ४९ मीटर लागतात. तोच ०.९५ झाला तर सुमारे ४१ मीटर. हे आठ मीटर टायर बदलून मिळतात.

जुन्या स्पोर्ट्स कार फारशा धावत नाहीत, त्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी शाबूत दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. रबर मात्र उभ्या गाडीतही वयाने टणक होत जाते. टायरच्या बाजूला छापलेल्या चार आकड्यांत ते बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असते. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. ब्रेकच्या खरेदीला निघण्यापूर्वी हे आकडे वाकून वाचावेत, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

मोठ्या ब्रेकमुळे गाडी उशिरा कशी थांबते?

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, म्हणून ती आकड्यांनीच मांडतो. आपली १,००० किलोची गाडी उभी असताना तिचा भार पुढे आणि मागे निम्मा-निम्मा आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६ सेंटिमीटर उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.२७ मीटर आहे. अशा गाड्यांच्या बाबतीत ही मापे वास्तवाला धरून आहेत. ब्रेक लागताच बसमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशाचा भार जसा टाचांवरून चवड्यांवर येतो, तसा गाडीचाही भार मागच्या चाकांवरून पुढे सरकतो. कडक ब्रेक मारताना या गाडीत सुमारे १७५ किलो भार असा पुढे जातो, म्हणजे पुढच्या चाकांवर ६७५ आणि मागच्या चाकांवर ३२५ किलो उरतात. कारखान्यातून निघताना ब्रेकच्या जोराची पुढे-मागे जी वाटणी ठरवलेली असते, ती याच सरकण्याचा विचार करून ठरवलेली असते. या वाटणीला ब्रेकचा समतोल म्हणतात.

समजा, ही वाटणी पुढे ७० टक्के आणि मागे ३० टक्के आहे आणि टायरची पकड ०.९ आहे. पुढची चाके जाम होण्याच्या अगदी काठावर पेडल धरून ठेवणारा कसलेला चालक ताशी १०० वेगावरून सुमारे ४५ मीटरमध्ये थांबेल. आता आपण फक्त पुढच्या चाकांना मोठी डिस्क आणि मोठ्या पिस्टनचे कॅलिपर बसवले, आणि त्यामुळे तेवढ्याच दाबाला पुढचा जोर ३० टक्क्यांनी वाढला. वाटणी आता ७५ आणि २५ अशी झाली. पुढची चाके पूर्वीपेक्षा लवकर जाम व्हायला लागतील. चालकाला तिथेच पाय आवरता घ्यावा लागेल, आणि त्या क्षणी मागच्या टायरमध्ये पकड शिल्लक असूनही ती न वापरता तशीच राहील. हिशेब पुन्हा केला तर थांबण्याचे अंतर येते सुमारे ५० मीटर. पैसे खर्चून, मेहनत करून, गाडीच्या स्वतःच्या लांबीहून अधिक अंतर आपण गमावले.

तरीही ब्रेक सुधारले असे मालकाला मनापासून वाटते, आणि ते का वाटते हेही सरळ आहे. पूर्वी जेवढ्या जोराने पाय दाबावा लागे त्याहून कमी जोरात गाडी आता नाक खाली घालते. पहिल्या स्पर्शाला मिळणारा हा जोर आणि शेवटी थांबायला लागणारे अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरातल्या हलक्या ब्रेकिंगमध्ये त्यांतली पहिलीच तेवढी अनुभवाला येते.

मोठ्या पिस्टनचा आणखी एक परिणाम असतो. बारीक सिरिंजने जाड सिरिंज ढकलायची असेल तर बारीक सिरिंजचा दट्ट्या लांबवर दाबावा लागतो. मास्टर सिलिंडर ही ती बारीक सिरिंज. कॅलिपरच्या पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ वाढले की तेवढेच जास्त ऑइल ढकलावे लागते आणि पेडल खोल जाते. मग पेडल वर आणण्यासाठी मोठा मास्टर सिलिंडर, त्याने पाय जड झाला म्हणून मोठा बूस्टर, अशी एकातून एक खरेदी निघत राहते.

उलट बाजूची चूक अधिक घातक आहे. मागच्या चाकांचा जोर प्रमाणाबाहेर वाढवला तर ती पुढच्या चाकांआधी जाम होतात आणि गाडी स्वतःभोवती गरकन फिरते. पुढची चाके जाम झाली तर गाडी निदान सरळ घसरते. जुन्या गाडीत बहुधा एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसते, त्यामुळे ही चूक सावरून घेणारे कोणी नसते. म्हणून मागे फक्त तिखट पॅड घालून बघण्याचा प्रयोग रस्त्यावर करू नये.

मग जुने ब्रेक इतके दुबळे का वाटतात?

बहुतेक वेळा ते जुने झालेले असतात म्हणून. माझ्या गाडीचे पेडल कित्येक महिने मऊ लागत होते आणि ब्रेक मारला की गाडी किंचित उजवीकडे ओढत होती. मोठ्या कॅलिपरची चौकशी करून झाली होती. एके दिवशी पुढचे डावे चाक काढून कॅलिपर उघडला तेव्हा आतल्या बाजूचा पॅड दोन मिलिमीटर उरला होता आणि बाहेरचा सात. हा कॅलिपर सरकता असतो : त्यात एकाच बाजूला पिस्टन असतो आणि संपूर्ण सांगाडा दोन पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. त्यातली खालची पिन गंजून अशी घट्ट बसली होती की पकडीने पिळून काढावी लागली. तिच्यावरचे ग्रीस वाळून काळ्या डिंकासारखे झाले होते. पिना साफ करून, उष्णता सोसणारे सिलिकॉनचे ग्रीस लावून, नवे पॅड आणि नवी रबरी टोपणे बसवली, आणि गाडीचे ओढणे त्याच दिवशी थांबले. मोठ्या कॅलिपरची चौकशी मी पुन्हा केली नाही.

पिनांइतकाच दोष रबरी होजचा असतो. कॅलिपरपर्यंत जाणाऱ्या या लवचिक नळ्या वर्षांनुवर्षांत मऊ पडतात. कोणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगून होजवर दोन बोटे ठेवली, तर जुनी होज बोटांखाली फुगताना चक्क जाणवते. पायाचा जो जोर पॅडवर जायला हवा, तो इथे रबर ताणण्यात खर्च होतो. होज आतून सोलवटली तर ती झडपेसारखी वागते, ऑइल परत येऊ देत नाही आणि पेडल सोडल्यावरही ब्रेक धरून राहतो. नव्या रबरी होजनेही हे दोष जातात. स्टीलची जाळी विणलेल्या होज फुगत नाहीत आणि पेडलला नेमकेपणा देतात, त्यामुळे बदलायच्याच असतील तर त्या घ्याव्यात, असे माझे मत आहे.

ही तपासणी करताना एक काळजी घ्यावी. फार जुन्या गाडीच्या पॅडमध्ये किंवा ड्रम ब्रेकच्या (डिस्कऐवजी फिरत्या पिंपाला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या) लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस हे श्वासातून गेल्यास घातक असलेले द्रव्य असू शकते. साठलेली भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवू नये; ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढावी.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित : ब्रेक ऑइल

आपण त्याला ऑइल म्हणतो, परंतु ते खनिज तेल नव्हे. खनिज तेल त्यात चुकून पडले तर रबरी सील फुगून निकामी होतात. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठासारखे ते हवेतला ओलावा शोषते, आणि पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी अपेक्षा असते, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ सहज दाबली जाते. म्हणून पेडल एकाएकी फरशीपर्यंत जाते आणि गाडी मात्र धावतच राहते.

उष्णतेने ब्रेकचा जोर ओसरण्याला फेड म्हणतात, आणि तिचे दोन प्रकार पायालाच ओळखता येतात. पेडल मऊ पडून खोल गेले तर ऑइल उकळले आहे. पेडल दगडासारखे कडक, पण गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅड त्यांच्या कुवतीबाहेर तापले आहेत. लांबलचक घाट उतरताना यांपैकी काही जाणवले तर गिअर खाली घ्यावा आणि जागा मिळताच गाडी उभी करून ब्रेक निवू द्यावेत. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून नळ्यांतली हवा पूर्ण काढली, तर पहिला प्रकार साध्या रस्त्यावर सहसा वाट्याला येत नाही. डॉट ५ हे नाव मात्र फसवे आहे : ते सिलिकॉनचे असते आणि डॉट ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही.

पॅड निवडताना रेसचे नाव पाहून भुलू नये

पॅडची प्रत्येक जात विशिष्ट तापमानाच्या पट्ट्यात चांगले काम करते. रेसचे पॅड चांगले तापल्यावरच धरतात. गार असताना ते कमी धरतात, किंचाळतात आणि डिस्क खातात. आपण वर पाहिले की हलक्या गाडीचे ब्रेक मुळात कमी तापतात. म्हणजे जड गाडीत जे पॅड शहरातून बाहेर पडेपर्यंत तापतील, ते आपल्या गाडीत कदाचित दिवसभर गारच राहतील. सकाळी पहिल्याच चौकात कोणी आडवे आले, तर उपयोगी पडतो तो गार असतानाही धरणारा पॅड. रस्त्यासाठी चांगल्या दर्जाचे, थोडे अधिक तापमान सोसणारे पॅड घ्यावेत, आणि पुढे-मागे एकाच जातीचे घ्यावेत, म्हणजे समतोल ढळत नाही.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० वेगावरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक दाबायचे आणि नंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी चालवून ते निवू द्यायचे. बनवणाऱ्याने वेगळी रीत सांगितली असेल तर ती पाळावी. याने पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली तर हा थर एकाच जागी जाड होतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला पेडल थरथरते. 'डिस्क वाकली' म्हणून मेकॅनिककडे येणाऱ्या कितीतरी तक्रारी प्रत्यक्षात या असमान थराच्या असतात.

'पण मी ट्रॅकवर जातो'

ही हरकत रास्त आहे. डिस्क ब्रेकने स्वतःची छाप पाडली तीही शर्यतीतच : १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वार सी-टाइपने जिंकली. शर्यतीत एकामागून एक कडक ब्रेक लागत राहतात, दोन वळणांमध्ये डिस्क निवायला वेळ मिळत नाही आणि उष्णता साठत जाते. ताज्या ऑइलने आणि योग्य पॅडनेही अशी फेड थांबत नसेल, तर जास्त लोखंड हवे हे खरे. डिस्क ४ किलोऐवजी ५ किलोची झाली की प्रत्येक थांबण्यातली तापमानवाढ पाचव्या हिश्शाने घटते.

अशा वेळी त्याच गाडीच्या अधिक ताकदवान आवृत्तीचे ब्रेक शोधावेत. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ ला १.६ लिटरच्या इंजिनाबरोबर पुढे २३५ आणि मागे २३१ मिलिमीटरची डिस्क होती. १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा कारखान्याने ती २५५ आणि २५१ मिलिमीटर केली. दोन्ही टोके बरोबरीने वाढली, हे इथे महत्त्वाचे. मूळच्या १४ इंची चाकांत हे ब्रेक मावतात आणि समतोलाचा हिशेब रचनाकारांनी आधीच केलेला असतो. बाहेरचा संच घ्यायचाच असेल तर विक्रेत्याला पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ, पुढचा-मागचा समतोल मूळच्या तुलनेत किती बदलतो आणि एका बाजूचे वजन किती, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळाली नाहीत तर संच घेऊ नये. बदलाची नोंद विमा कंपनीकडे आणि नियमानुसार लागेल तिथे करावी.

भोके पाडलेल्या डिस्कबद्दल थोडक्यात : हलक्या गाडीच्या लहान डिस्कमधून लोखंड काढून टाकणे म्हणजे उष्णता साठवण्याची जागाच कमी करणे, आणि सतत तापून निवताना भोकांच्या कडांपासून तडे जातात. खाचा पाडलेली डिस्क चालेल, पण रस्त्यावर साधी, चांगल्या ओतकामाची डिस्क पुरते.

काम झाल्यानंतर

ब्रेकच्या नळ्या सोडवण्याचे आणि हवा काढण्याचे काम हात बसलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. नंतर पहिल्यांदा पेडल दाबायचे ते गाडी उभी असताना : ते वरच कडक व्हायला हवे आणि दाबून धरले तर अर्ध्या मिनिटातही खाली सरकता कामा नये. पुढची चाके एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून नवी होज ताणली जात नाही ना, टायरला घासत नाही ना, हे टॉर्च घेऊन पाहावे. मग निर्मनुष्य, कोरड्या जागेत कमी वेगाने कडक ब्रेक मारून आधी पुढची चाके जाम होतात ना, याची बाहेर उभ्या असलेल्या सोबत्याकडून खात्री करून घ्यावी. शंभर किलोमीटर झाल्यावर चाके पुन्हा काढावीत, जोडांवर ओल आहे का ते कोऱ्या कागदाने टिपून बघावे आणि आतला-बाहेरचा पॅड सारखाच झिजतो आहे ना, हे नजरेखालून घालावे.